एलटीसीचं वर्ष

बंगळुरात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना लीप वर्ष कधी येतं हे चटकन सांगता येत नसे, पण ‘ब्लॉक’ कधी संपतो हे सगळ्यांना पाठ होतं. १९७८ ते ८१ एक ब्लॉक, ८२ ते ८५ दुसरा, ८६ ते ८९ तिसरा. केंद्र सरकारच्या एलटीसीच्या, म्हणजे रजा-प्रवास सवलतीच्या, हिशेबात नोकरदाराला चार वर्षांच्या एका ब्लॉकमध्ये एकदा सहकुटुंब भारतात कुठेही जाण्याचं रेल्वेभाडं मिळे, आणि एकदा आपल्या मूळ गावी जाण्याचं. सार्वजनिक उद्योगांचे नियमही साधारण तसेच. म्हणजे पहिली ते दहावीच्या काळात ‘भारतात कुठेही’ जेमतेम दोन-तीनदा. इतकी दुर्मीळ गोष्ट कुणी आयत्या वेळी ठरवील का? आमच्या घरांत ती वर्ष-वर्ष शिजत असे.

ही घरं बहुतेक कारखान्यांमुळे इथे आलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. मग १९४८ मध्ये टेलिफोनची आयटीआय, ५३ मध्ये मशीन टूल्सची एचएमटी, ५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल. सांगली, पुणे, बेळगाव, रत्नागिरीकडून फिटर, ड्राफ्ट्समन, इंजिनिअर, हिशेबनीस आले आणि जलाहळ्ळीपासून दूरवाणीनगरपर्यंत विखुरले. गावी जाण्यात आखण्यासारखं काही नसे. मीटरगेजची गाडी मिरजेपर्यंत, मिरजेला हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन ब्रॉडगेजच्या फलाटाकडे धावायचं, कोकणातल्यांनी पुढे एसटीने घाट उतरायचा. हा रस्ता झोपेतही चुकला नसता. आखणी लागे ती दुसऱ्या प्रवासाला.

त्याचा सगळा पेच एका ओळीत होता. सर्वांत दूरचं एक ठिकाण आधी ऑफिसात लिहून द्यायचं, आणि भाडं मिळणार ते तिथवरच्या सर्वांत जवळच्या मार्गाचं. वाटेत कुठेही उतरा, वाकडी वाट कराल तर ती पदरच्या पैशाने. बाबांना लिहायचं असे श्रीनगर, कारण बंगळुरातून भाडं वसूल करायचं तर काश्मीरसारखं दुसरं ठिकाण नाही. आजीला हवी काशी. आणि काशी काही केल्या श्रीनगरच्या वाटेवर येत नसे! मग जेवणं आटोपल्यावर शाळेचा ॲटलास आणि रेल्वेचं टाइमटेबल पसरून बाबा आणि शेजारचे काका बसत. इटारसीला गाडी सोडून जबलपूरवरून अलाहाबाद गाठलं तर किती किलोमीटर जास्त? सर्क्युलर तिकीट काढलं तर? ते जिथून निघालो तिथेच परत आणून सोडी, त्यात आठ ठिकाणी उतरता येई, आणि लांबच्या प्रवासाला किलोमीटरमागचं भाडं उतरत जाई. लेथवर मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब ठेवणारी ही माणसं, देशालाही तशीच कसोशीने मापत. आजीला यातलं काही कळत नसे. “माझं तेवढं गंगेचं बघा” म्हणून ती झोपायला जाई, आणि शेवटी काशी यादीत असे.

दुसरी अडचण हवेची. शाळेला मोठी सुटी एप्रिल-मेमध्ये, छोटी दसऱ्याला. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर राहणाऱ्या आम्हाला ना खरा उन्हाळा माहीत, ना खरी थंडी. मेमध्ये उत्तरेच्या मैदानात लू चालते. राजस्थान, आग्रा त्या दिवसांत नको म्हणून ते दसऱ्याकडे ढकलायचं, पण तेव्हाची सुटी पुरत नसे. हिमालय मेमध्येच, मात्र रोहतांगवरचं बर्फ वेळेवर हटेल याचा नेम नाही, आणि बदरीनाथचं देऊळ उघडतं अक्षय्य तृतीयेच्या आसपास. शिवाय थोरल्याला बारा पूर्ण होण्याच्या आत निघायला हवं, नाहीतर त्याचं अर्धं तिकीट पूर्ण होणार. पर्जन्य, परीक्षा आणि वाढदिवस यांच्या फटीतून भारत जेवढा मावेल तेवढा बसवायचा.

हे सगळं जमलं तरी राहायचं कुठे? हॉटेल हा शब्द आमच्याकडे डोशाच्या संदर्भातच वापरला जाई. इथे कारखाना कामाला येई. सरकारने हे उद्योग देशभर पसरवले होते, आणि एचएमटी-आयटीआयच्या शाखांची यादी आणि आमच्या मुक्कामांची यादी यांत फारसा फरक नसे. एचएमटीचा एक कारखाना हरियाणातल्या पिंजोरला. तिथून कालका जवळच, म्हणजे सिमल्याच्या छोट्या गाडीचं तोंड. घड्याळांचा एक कारखाना थेट श्रीनगरात. आयटीआयचा कारखाना नैनीला, म्हणजे यमुनेपलीकडच्या अलाहाबादला. आजीचं त्रिवेणीस्नान परस्पर जमलं. बीईएल गाझियाबादला, म्हणजे दिल्लीची सोय. विमानवाले लखनौ, कानपूर, ओडिशातलं कोरापूट असे पांगलेले. बंगळुरात शिकाऊ असताना ज्याच्याबरोबर डबा खाल्ला तो आता पिंजोरला बदलून गेलेला, आणि त्याच्या क्वार्टरची बाहेरची खोली हेच आमचं हिल स्टेशन. अनेकांनी उदकमंडलमच्या आधी पिंजोर पाहिलं ते यामुळे.

बाबांची एक वही असे. तिच्यात गाड्यांच्या वेळा मागच्या पानांवर आणि पत्ते पुढच्या. त्याच वहीतून पंधरा पैशांची पोस्टकार्डं सुटत: आम्ही इतकेजण अमुक तारखेस पहाटे पोचतो, घ्यायला येण्याची तसदी घेऊ नये. ते गृहस्थ अर्थात स्टेशनवर हजर असत. ओळखीचा कारखाना नसलेल्या गावी मराठी मंडळं. दिल्लीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन, कलकत्त्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास, मद्रासला तिथलं मंडळ. आमच्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाच्या मध्यंतरात नाटकापेक्षा या चौकशाच जास्त चालत. गरम पाणी मिळतं का, जेवण कसं, स्टेशनपासून रिक्षाला किती पडतात. ज्यांचा ब्लॉक नुकताच संपला त्यांना त्या दिवशी मोठा मान.

काशीत ब्रह्मघाट-दुर्गाघाटाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घराणी आहेत, तिथे उपाध्यायांकडे उतरायची रीत होती. आठवणी सांगताना आपण हे मोठ्या जिव्हाळ्याने सांगतो, पण ती दारं सगळ्यांना सारखी उघडी नव्हती हेही सांगायला हवं. आमच्याच रांगेतली काही कुटुंबं मुकाट्याने भारत सेवाश्रम किंवा एखादी धर्मशाळा धरत, आणि का, ते आम्हाला फार पुढे उमगलं. तसंच बाबांच्या त्या पिंजोरच्या मित्राकडच्या काकूंचं. एका मेमध्ये त्यांच्याकडे किती कुटुंबं उतरून गेली असतील? चार बर्नरचा गॅस नव्हता, वॉशिंग मशीन नव्हतं. आमच्या स्मरणात तिथला आंब्याचा रस आहे. तो काढणारे हात आम्ही पाहिलेच नाहीत.

रिझर्वेशन हा आखणीतला खरा जुगार. पहाटे सिटी स्टेशनवर जाऊन रांग धरायची, खिडकी उघडेपर्यंत आळीपाळीने घरी जाऊन यायचं. निघताना इथलं तिकीट पक्कं मिळे, पण मधल्या स्टेशनांवरून पुढच्या गाडीची जागा हवी तर रेल्वेच तार करी आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही तरी निघायचंच, रजा मंजूर झालेली असे. केके एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा दिल्ली एकाएकी जवळ आली. त्याआधी बहुतेकांना मद्रासला जाऊन जीटी, म्हणजे ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस, धरावी लागे. केकेचं अर्धं अंग केरळचं आणि अर्धं कर्नाटकाचं, जोलारपेटला दोघं एकत्र येत. थर्ड क्लास १९७४ मध्ये गेला, पण दुसऱ्या वर्गाची लाकडी फळी राहिली. त्या फळीवर दोन इंच फोम आला तो रेल्वेमंत्री मधु दंडवत्यांच्या काळात. २६ डिसेंबर १९७७ ला सुटलेल्या गीतांजली एक्स्प्रेसमध्ये वर्गभेदच नव्हता. मंडळातल्या कट्ट्यावर दंडवत्यांचं नाव आपल्या नात्यातल्या माणसासारखं घेतलं जाई. ज्याने कृष्णराजपुरम ते दिल्ली पाठ टेकली असेल त्याला दोन इंचांची किंमत विचारा.

त्याच कट्ट्यावर १९७४ च्या मेचीही आठवण निघे. ८ मेला रेल्वेचा संप सुरू झाला, २७ तारखेला मागे घेतला गेला, आणि भर सुटीतले ते दिवस कित्येकांचा प्रवास गिळून गेले. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस, कोवळ्या वयात पाद्री व्हायला याच बंगळुरातल्या सेमिनरीत आलेले. “तिथेच रमला असता तर आमची काशी झाली असती,” असं एक काका म्हणत, आणि लगेच संपकऱ्यांची बाजू घेऊन तासभर भांडत.

बाबांच्या वहीचं कौतुक फार होतं. आईची यादी कुठे लिहिलेलीच नसे, म्हणून ती कुणी जपली नाही. दोन रात्री-तीन दिवसांच्या गाडीत रोज काय टिकेल याचा क्रम तिच्या डोक्यात असे: पहिल्या दिवशी पोळ्या नि बटाट्याची भाजी, दुसऱ्या दिवशी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तिसऱ्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, भडंग. शेजारच्या कन्नड मावशी निघायच्या सकाळी पुळियोगरेचा डबा आणून देत; चिंचेचा तो भात नागपूरपर्यंत नक्की टिके. इथे कोडुबळे, तिथे चकल्या. फिरकीचा तांब्या, होल्डॉल, त्यात गुंडाळलेल्या सतरंज्या, मद्रासच्या टीटीके कंपनीचा नकाशा, स्टेट बँकेचे ट्रॅव्हलर्स चेक, आणि परकराला आतून शिवलेला चोरखिसा. देश बाबांनी मापला हे खरं, पण त्याला पुरवठा करणारी फौज आईची होती.

आणि वर्तमानपत्र. सुटीच्या नकाशावर बातम्यांची फुली पडत जाई. १९७९ पासून आसामात आंदोलन पेटलं आणि काझीरंगा वहीतून खोडलं गेलं. १९८४ नंतर अमृतसर. श्रीनगर मात्र टिकून होतं. जम्मूपासून सुमारे ३०० किलोमीटरचा बसचा घाटरस्ता, जवाहर बोगदा, आणि पलीकडे कारखान्यातली ओळखीची माणसं. एप्रिल १९९० मध्ये तिथल्या एचएमटीचे सरव्यवस्थापक एच. एल. खेरा यांचं अपहरण होऊन त्यांची हत्या झाली. जलाहळ्ळीच्या वसाहतीत त्या संध्याकाळी गटागटाने माणसं उभी होती, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. सहलीचं ठिकाण म्हणून नव्हे, आपल्याच कंपनीचं गाव म्हणून ते ऐकलं गेलं. त्या ब्लॉकात पुष्कळ घरांनी श्रीनगर खोडून तंजावर लिहिलं. तेही वाया गेलं नाही. बंगळूर ज्यांची जहागीर होती त्या शहाजीराजांचा मुलगा एकोजी पुढे तंजावरला गेला, त्यांच्या वंशाची कथा बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरलेली आहे, आणि ती उन्हात उभं राहून वाचताना बाबांना भाड्याचा हिशेब काही काळ आठवला नाही.

हे सारं संपलं ते हळूहळू. १९८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, मग ते सगळीकडे पोचलं आणि तारेची गरज उरली नाही. महाराष्ट्रातल्या सहल कंपन्या वाढल्या, जेवणात वरणभात देऊन काश्मीर-केरळ दाखवू लागल्या. मिरजेची मीटरगेज नव्वदच्या दशकात गेली. कारखानेही आक्रसले, एचएमटीची घड्याळं २०१६ मध्ये बंद झाली. आमची मुलं व्हाइटफील्डच्या ऑफिसात बसल्या बसल्या तवांगचं विमान-टॅक्सी-होमस्टे दुपारच्या जेवणाच्या सुटीत ठरवतात. उत्तम करतात. पहाटेची रांग कुणाला परत नको आहे, आणि परक्या घरात आठ माणसं उतरवणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. फरक एवढाच की आमच्या आईवडिलांच्या भारतात प्रत्येक गावाला एका माणसाचं नाव होतं, आणि ते नाव पोस्टकार्ड टाकल्याशिवाय मिळत नसे.

त्या वह्या अजून काही घरांतून माळ्यावर आहेत. इटारसीची पहाटेची वेळ, नैनीच्या क्वार्टरचा नंबर, कुणाला किती भाडं परत मिळालं, सगळं शाईत. घर बदलताना त्या रद्दीत घालू नका. वडील असतील तर त्यांना शेजारी बसवून एकेक पत्ता विचारून घ्या. आणि आईलाही विचारा, कारण तिची यादी अजूनही कुठे लिहिलेली नाही.