औषध, फॉर्म आणि फौजेचं स्वप्न

डिचोली, गोवा

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. फोनवर चार शब्दांत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पेडण्याच्या माझ्या भाच्याचं पुढे काय झालं, असं विचारलंस. बाब बरा आहे गं. पहाटे धावायला जातो, आल्यावर जोर-बैठका काढतो आणि एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचा ध्यास अजून तेवढाच आहे. 1961च्या डिसेंबरात गोवा मुक्त करायला भारतीय फौज दोडामार्गाच्या बाजूने गोव्यात कशी उतरली, हे आजोबांच्या तोंडून ऐकतच तो वाढला. हे वेड आजचं नाही.

अडतंय ते अभ्यासात. त्याची गणिताची वही मी पाहिली. उदाहरणाची रीत बरोबर, पहिल्या तीन पायऱ्या सुबक, आणि मग मध्येच सोडून समासात विमान काढलेलं. पुढच्या पानावर तेच. हुशारी कमी नाही, पण बैठक मोडते. शेवटी त्याला बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार संस्थेत नेलं. डॉक्टरांनी घाई केली नाही. लहानपणापासूनचं विचारलं, घरचं आणि शाळेचं वेगवेगळं विचारलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, म्हणायचं तर लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि एकाच ठिकाणी दिसून भागत नाही. मग निदान झालं आणि मिथाइलफेनिडेट हे औषध सुचवलं.

घरात वादाला तोंड फुटलं. "गोळी सुरू केली की फौज गेली," हे त्याच्या वडिलांचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नाही. लष्करी वैद्यकीय तपासणीत पूर्वीच्या आजारांची, मानसिक आजारांचीही, माहिती उमेदवाराला स्वतः लिहून खाली सही करावी लागते. अमेरिकेच्या सैन्यात तर नियमच आहे: अलीकडच्या काळात एडीएचडीचं औषध घेतलं असेल, तर विशेष सवलत मिळाल्याशिवाय भरती नाही. यामागची काळजी समजण्यासारखी आहे. बर्फातल्या चौकीवर किंवा महिनोन्‌महिने समुद्रात असलेल्या जहाजावर रोजची गोळी पोचेलच असं नाही. त्यात हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतलं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि त्याचा खास परवाना नसलेल्या दुकानात ते मिळतच नाही.

पण बाय, घरचे सगळे एक गोष्ट विसरत होते. फॉर्म फक्त गोळीचं विचारत नाही, आजाराचं विचारतो. गोळी न घेतल्याने निदान पुसलं जात नाही. म्हणजे औषध टाळून फौजेची वाट मोकळी होत नाही, फक्त मुलाची बारावी हातची जाते. आणि बारावी गेली तर एनडीएचा प्रश्नच उरत नाही. "मग लपवूया," असंही कोणी तरी म्हणालं. ते मला मुळीच पटलं नाही. जिथे शब्दावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तिथली पहिलीच सही खोटी करायची? उघडकीला आलं तर नोकरीही जाते आणि नावही.

औषधाचीही दुसरी बाजू आहे. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढू शकतो. म्हणून वजन, उंची, रक्तदाब वेळोवेळी बघावे लागतात. पण फायदा वहीपुरता नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की एडीएचडी असलेल्या पुरुषांत औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघात बरेच कमी होते. कोलवाळच्या पुलावरून मुलगा बाइक घेऊन निघतो, तेव्हा आईच्या जिवाचं काय होतं ते तुला सांगायला नको.

आता असं ठरलंय: औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू, सोबत अभ्यासाचं वेळापत्रक आणि समुपदेशन. औषध कमी करायचं की थांबवायचं, ते डॉक्टर ठरवतील, परीक्षेची तारीख नाही. वेळ आली की फॉर्म खरा भरायचा. सगळी कागदपत्रं जपून ठेवली आहेत. निकाल विरुद्ध गेला तर अपील वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते, आणि पदवीनंतर सीडीएस या लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षेची वाटही आहे. तरीही दार बंद होऊ शकतं, हे मुलाला स्पष्ट सांगितलंय. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "मावशी, आधी पेपर तर पूर्ण लिहू दे." मला त्याचं फार कौतुक वाटलं.

तुझ्या धाकट्याच्या शाळेतूनही तपासणी सुचवलीय, असं तू लिहिलंस. बाय, दहा वर्षांनी भरायच्या फॉर्मच्या भीतीने आजची तपासणी पुढे ढकलू नकोस. लेकराचं डोकं शांत झालं, तर पुढची वाट तो स्वतः शोधेल. फौजेने घेतलं नाही, तरी तो मुलगा वाया गेला असं होत नाही. उपचाराविना मात्र त्याची वर्षं खरोखर वाया जातात.

तुझी,
डिचोलीची मैत्रीण