प्रश्न येतात, उत्तरं कळत नाहीत

कराडला डॉक्टर व्हायला येणाऱ्या मुलांत केरळची असतात, राजस्थानची असतात, दिल्लीकडची असतात. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी वर्ग सुरू होण्याआधी त्यांना पायाभूत अभ्यासक्रम असतो. २०१९ साली तो देशभर लागू झाला, तेव्हा त्याच्या १७५ तासांपैकी भाषा आणि संगणक मिळून ४० तास दिले होते. त्यातले स्थानिक भाषेच्या पदरात किती पडणार, हे शिकवणाऱ्याला सांगायला नको. उरलेलं मुलांनी फोनवर, आपापल्या सवडीनं शिकावं, म्हणून त्यांना मराठी शिकवणाऱ्या आम्ही काहींनी ऑनलाइन साहित्याचं एक दालन मांडायला घेतलं.

मराठी शिकायचं साहित्य नाही, ही तक्रार आता खरी नाही. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून अमराठी लोकांसाठी ‘माय मराठी’ हा पाठ्यक्रम केला आहे. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मॅक्सीन बर्नसन यांचा आटोपशीर मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट चाळता येतात. बर्नसनबाई तर आमच्याच जिल्ह्यातल्या, फलटणच्या. जन्मानं अमेरिकन, पण त्यांनी पीएचडी केली ती फलटणच्या बोलीवर, आणि जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली. एवढं सगळं हाताशी असताना पुन्हा व्याकरणाचे तक्ते करत बसण्यात काही अर्थ नव्हता. जे चांगलं आहे त्याचा दुवा द्यायचा आणि जे कुठंच मिळत नाही तेवढंच आपण करायचं, एवढं ठरवून टाकलं.

मिळत नव्हती ती उत्तरं. ‘कुठं दुखतंय?’, ‘कधीपासून?’, ‘जेवण जातं का?’ हे प्रश्न कुठलंही मूल एका संध्याकाळीत पाठ करतं. ओपीडीत ते ऐटीत विचारतं, आणि समोरून येतं ते असं: “बेंदरापास्नं हाय बघा. आधी नुसती कणकण हुती. आता माळावर चढलं की धाप लागतीया, आन् रातच्याला छातीत भरल्यावाणी हुतंय.” मुलाला यातलं ‘छाती’ तेवढं कळतं. मग ते शेजारच्या सिस्टरकडं बघतं, सिस्टर सांगतात, “दम लागतोय म्हणतायत,” आणि बाकीचं सांडून जातं. त्यातला बेंदूर सांडतो, हे सगळ्यांत वाईट. बेंदराचा सण आषाढातला. पेशंट दिवाळीत आला असेल, तर दुखणं तीन-चार महिने जुनं आहे, आणि केसपेपरवर नेमकी तीच जागा रिकामी राहते.

म्हणून दालनाचा पहिला कप्पा कालगणनेचा केला. बेंदूर कधी, पालच्या खंडोबाची यात्रा पौषात, साखर कारखान्याची मोळी कधी टाकतात, हंगाम संपून पट्टा कधी पडतो. ‘सांच्याला’, ‘परवादिशी’, ‘औंदा’ हेही तिथंच. आमच्या भागातला म्हातारा माणूस तारीख सांगत नाही, सण सांगतो. तो चुकत नसतो. त्याचं पंचांग डॉक्टरला ठाऊक नसतं, एवढंच.

दुसरा कप्पा दुखण्याच्या जातींचा. दात ठणकतो, पाठीत चमक निघते, पोटात कळ येते, लघवीला जळजळ होते, पिकलेलं बोट ठुसठुसतं, पायाला मुंग्या येतात. डॉक्टरच्या लेखी ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि आमच्या बायाबापड्या हा फरक अचूक सांगतात. ऐकणाऱ्याला मात्र ते सगळं एकच ‘दुखणं’ वाटतं. इथं मोल्सवर्थ पुन्हापुन्हा उपयोगी पडतो; त्याच्या कोशात या शब्दांचे बारकावे अजून ताजे आहेत.

या कप्प्यांसाठी ध्वनिफिती घेताना खऱ्या पेशंटचा आवाज घ्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. तपासणीच्या खोलीत माणूस ‘हो’ म्हणतो ते भिडेपोटी, त्याला संमती म्हणत नाहीत. त्याऐवजी मंडईतल्या मावशी, निवृत्त आया, पाटण खोऱ्यातून नातवाकडं राहायला आलेले आजोबा यांना बसवलं आणि म्हटलं, मागं कधी आजारी पडला होता ते सांगा. आजारपण सांगायला माणसाला आग्रह करावा लागत नाही, थांबवायलाच लागतं.

फीत अर्ध्या मिनिटाच्या आतली, कमी नेटवर चालेल अशी हलकी. वेग जसा आहे तसाच. पाठ्यपुस्तकातला संथ, स्वच्छ आवाज ऐकून तयार झालेला कान ओपीडीच्या गलक्यात टिकत नाही. मजकूर सुरुवातीला झाकलेला असतो. दोनदा ऐकल्याशिवाय तो उघडत नाही, आणि उघडल्यावर आधी बोललं तसं, त्याच्याखाली प्रमाण मराठीत. मुलं या झाकण्यावर कुरकुरतात. कुरकुरू देत. शोधायच्या चौकटीत मात्र त्यांचे लाड केलेत. देवनागरी टंकायला न येणारं मूल रोमनमध्ये ‘धाप’ कसंही लिहो, एक ‘ए’ घालो की दोन, फीत सापडते.

एका मुद्द्यावर आमच्यात वाद झाला. माझे एक सहकारी म्हणाले, आधी प्रमाण भाषा पक्की होऊ दे, मग बोली. लिहिण्या-वाचण्यापुरतं मला ते मान्य आहे. पण पेशंट काही मुलांची प्रमाण भाषा पक्की होईपर्यंत थांबत नाही. शेवटी दोन रांगा केल्या: ‘ऐकायचं’ आणि ‘बोलायचं’. ऐकायच्या रांगेत ‘हुतंय’, ‘लागतीया’, ‘न्हाय’ सगळं आहे. बोलायच्या रांगेत साधी, आदराची मराठी: “आजी, कधीपासून त्रास होतोय?” जयपूरच्या मुलानं एखाद्या आजीला “कवापास्नं दुखतंया?” विचारलं, तर तिला तो आपली टिंगल करतोय असं वाटण्याचीच शक्यता जास्त. ‘माताजी’ही नको, आजी, मावशी, मामा, काका. एवढ्यानं निम्मी तपासणी सोपी होते, असं मी वर्गात सांगतो आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

अजून पुष्कळ कप्पे रिकामे आहेत. बाळंतपणाचा जवळजवळ रिकामाच, कारण त्याबद्दल बाया पुरुषासमोर बोलत नाहीत. ते ध्वनिमुद्रण बाईनंच करायला हवं. माण-खटावकडचे आवाज थोडे, शिराळ्याकडचा एकही नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी त्या भागातली वडीलधारी माणसं असतील, तर त्यांना विचारून त्यांच्या एखाद्या जुन्या आजारपणाची गोष्ट फोनवर टिपून ठेवा आणि तुमच्या जवळच्या मेडिकल किंवा नर्सिंग कॉलेजात मराठी शिकवणाऱ्याला द्या. नाव नको. वय आणि गाव तेवढं सांगा.