करवंदीचं कुंपण

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या आंब्याच्या बागेला खालच्या अंगाने जांभ्या दगडाचा गडगा आहे. डोंगराकडच्या बाजूला मात्र दरवर्षी वई घालावी लागे. पावसाळा सरला की सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, करवंदीच्या काट्या तोडून आणायच्या, रचायच्या आणि त्या कुजल्या की पुन्हा कोयती घेऊन सड्यावर जायचं. वडील थकले तेव्हा तिथे काटेरी तार ओढावी असं घरात ठरत आलं होतं. मला ते पटेना. तोडून आणलेली करवंदी गुरांना अडवते, तर तीच बांधावर लावावी, असं मी म्हटलं.

आत्याने लगेच दुजोरा दिला. "लाव. पण बी वाळवून ठेवू नकोस हो, ते फुकट जातं. फळ खाल्लंस की पेर."

तिचं म्हणणं खरंच आहे. करवंदाच्या बियांची उगवण्याची ताकद थोड्याच दिवसांत जाते. मे महिन्यात पिकलेली करवंदं चोळून, धुऊन, राखेत घोळवून लगेच पिशव्यांत पेरली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात आहे, लोणच्याला आणि विक्रीला चांगली. मी बी घेतलं ते रानातलं, तेही मुद्दाम वेगवेगळ्या जाळ्यांमधलं. सड्यावर एक जाळी काळीभोर होते तेव्हा शेजारची अजून हिरवीच असते. एकीची फळं आतून लाल, म्हणजे कोंबडा. दुसरीची फिकी, म्हणजे कोंबडी. सगळी झाडं सारखी असती तर आठवड्याभरात हंगाम उरकला असता. आता एप्रिलच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत कुठली ना कुठली झुडपं पाखरांना फळ देत असतात.

रोपं वर्षभर पिशवीतच वाढवून पुढच्या पावसाच्या तोंडावर बांधावर लावली. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घातलं आणि बुडाशी पातेऱ्याचा जाड थर दिला. त्यानंतर पाणी नाही, खत नाही. कातळावर जिथे मूठभर माती असते तिथे हे झुडूप उभं राहतं, त्याला आमची फारशी गरज नसते. पान तोडलं की पांढरा चीक येतो, शिवाय जोडीजोडीने टणक काटे. शेळीसुद्धा कोवळा शेंडा हुंगून पुढे जाते.

तीन-चार वर्षांत फुलं धरली. आंब्याचा मोहोर गळायला लागतो त्या सुमारास करवंदी पांढरी होते. फुलाची नळी अरुंद आणि खोल असते, तळाशी पोचायला लांब सोंड लागते. म्हणून दिवसा फुलपाखरं दिसतात आणि तिन्हीसांजेला, जाईसारखा वास दाटला की, मोठे पतंग एका जागी तरंगत सोंड आत घालतात. आंब्यावरची फवारणी त्या बांधाच्या जवळच्या ओळींवर आम्ही बंद केली. तिथल्या कलमांचं थोडं नुकसान होतं, ते मला मान्य आहे. फुलं लावून किड्यांना बोलवायचं आणि वर औषध मारायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

मला सर्वांत जास्त जपावी वाटते ती छाटणीची वेळ. कुंपण म्हटलं की माणूस मार्चमध्ये कात्री घेऊन सरळ रेषा मारायला निघतो. नेमक्या त्याच दिवसांत जाळीवर फुलं असतात, बारकी फळं असतात आणि आत शिपाई बुलबुलाचं घरटं असतं. काट्यांच्या आत मांजर शिरत नाही, कावळ्याला वाट सापडत नाही. ओबडधोबड, दाट वाढू दिलेल्या जाळीतच ही सोय होते. म्हणून फळं संपून पिल्लं उडाल्यावर, पावसाच्या सुरुवातीला, वाटेवर आलेल्या तेवढ्याच फांद्या काढतो. करवंदी बुंध्यातून पुन्हा फुटते, सड्यावर वणव्यात जळालेली जाळीसुद्धा पावसात कोंब टाकते, त्यामुळे छाटणी उशिरा झाली म्हणून तिचं काही बिघडत नाही.

खालची, हाताला येणारी करवंदं आमची, वरची आणि आतली पाखरांची, असा घरात नियम आहे. मुलांनाही तो पाठ आहे. बुलबुल, तांबट, कोकीळ येतात. रात्री उदमांजर येऊन जातं, सकाळी गडग्याच्या दगडावर बियांनी भरलेली विष्ठा असते. त्यातून आणि पाखरांच्या विष्ठेतून बांधापलीकडे आता न पेरलेल्या करवंदी उगवल्या आहेत. जाळीच्या पोटात जांभळाचं आणि आटकीचं रोप आलं आहे, गुरांचं तोंड तिथे पोचत नाही म्हणून टिकलेलं.

आमच्या वरचा सडा हळूहळू प्लॉटांसाठी साफ होतो आहे. जेसीबी लागला की पहिल्या दिवशी जातात त्या जाळ्याच. म्हणून यंदा मे महिन्यात, जिथे अजून काम सुरू झालेलं नाही त्या टोकाकडच्या जाळ्यांचं बी आधी गोळा करायचं ठरवलं आहे. रोपं वाडीत ज्यांना हवी त्यांना देणार. दोन घरांनी आतापासून सांगून ठेवलं आहे.