मलावीच्या रुग्णालयांतील पहिले दिवस

आफ्रिकेचे नाव निघाले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वाळवंट तरी उभे राहते, नाहीतर सिंह. आम्ही उभयता २०१७ च्या जानेवारीपासून तीन महिने मलावी देशात राहून आलो. सिंह काही दृष्टीस पडला नाही. देश उष्ण कटिबंधातला खरा; परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर वसलेल्या ब्लँटायर शहरात बडोद्याच्या उन्हाळ्याची आठवण आम्हांस एकदाही झाली नाही. लिव्हिंग्स्टनच्या स्कॉटलंडमधील जन्मगावाचे नाव धारण करणारे हे गाव पावसाळ्यात हिरवेगार असते. लिंबे नावाच्या त्याच्या जुळ्या गावातील दुकानांत तर गल्ल्यावरून अस्खलित गुजराती कानी पडते. पहिल्याच आठवड्यात तूरडाळ व हिंग मिळाल्यावर परदेशाची भीती निम्मी ओसरली, हे कबूल केलेच पाहिजे.

आमच्यापैकी एकीने तीस वर्षे सरकारी रुग्णालयाच्या बालविभागात परिचारिकेचे काम केले. दुसऱ्याचे आयुष्य औषधांच्या कोठारात नोंदवह्या भरण्यात गेले. निवृत्तीनंतर हातापायांत बळ आहे तोवर कोठेतरी सेवा करावी, एवढाच विचार. परंतु सेवेची इच्छा असली म्हणून रुग्णाला हात लावता येत नाही. तेथील परिचारिका मंडळाकडे रीतसर नोंदणी व्हावी लागते, आणि ते योग्यच आहे. तोवर नुसते पाहावयाचे.

पाहण्याजोगे मात्र पुष्कळ होते. ब्लँटायरचे क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल १९५८ सालचे. खाटा हजारांहून अधिक, उपचार विनामूल्य. नवजात बालकांच्या दालनात पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे निघताना दिसले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाकाशी हवेच्या नळ्या लावायच्या आणि नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे हवेचा दाब टिकून राहतो व बाळाची फुप्फुसे मिटत नाहीत. कल्पना साधी, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या येथील अभ्यासात, श्वासाच्या तीव्र त्रासाने आजारी असलेली जी बाळे नुसत्या प्राणवायूवर शंभरात ४४ जगत होती, ती या उपकरणावर ७१ जगली. यंत्राचे नाव ‘पुमानी’. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ निवांत श्वास घेणे असा आहे, असे आम्हांस सांगण्यात आले.

पुढे दक्षिणेतीलच एका जिल्हा रुग्णालयात आमची रवानगी झाली. तेथे मुख्य परिचारिकाबाईंनी विचारलेला पहिला प्रश्न असा : “किती दिवसांसाठी आलात?” शिक्षण किंवा अनुभव यांविषयी नंतर. प्रश्नात खोच नव्हती. मात्र दर दोन-चार आठवड्यांनी नवा पाहुणा येतो, त्याला औषधे कोठे आहेत येथपासून शिकवावे लागते, आणि तो थोडा उपयोगी पडू लागला की त्याची परत जाण्याची तारीख येते, हे त्या बाईंच्या थकलेल्या डोळ्यांत वाचता येत होते. आम्ही तीन महिने म्हणताच त्यांनी बसावयास खुर्ची दिली.

पन्नासावर मुले व पाळीला दोन परिचारिका, अशा दालनाचा गाडा चालतो तो रुग्णांच्या सोबत्यांवर. त्यांना तेथे ‘गार्डियन’ म्हणतात. प्रत्येक मुलामागे आई, आजी किंवा मावशी. अंग पुसणे, भरवणे, कपडे धुणे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचवणे, ही सारी कामे त्याच करतात. मागील आवारात तीन दगडांच्या चुली मांडून त्या मक्याच्या पिठाची ‘न्सिमा’ शिजवतात. आपल्या उकडीपेक्षा घट्ट असा हा पदार्थ लाकडी पळ्याने घोटताना दोन्ही खांदे कामी येतात! आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यात डबे घेऊन बसलेले नातेवाईक आठवले; फक्त येथे त्यांना कोणी हाकलून देत नाही.

सकाळी कामाआधी अभिवादन हवेच. ‘म्वाद्झुका ब्वांजी?’ म्हणजे ‘कसे उठलात?’ झोपेतून नीट उठला आहात ना, अशी ही चौकशी. उत्तर देऊन उलट विचारल्यावाचून तापमापकाला हात घालणे उद्धटपणाचे. आमच्या पिकल्या केसांमुळे आम्हांस पहिल्या दिवसापासून ‘आगोगो’, म्हणजे आजी-आजोबा, हे पद मिळाले.

जानेवारी ते मार्च हा पावसाचा, म्हणूनच हिवतापाचा हंगाम. एका खाटेवर दोन मुले, कधी जमिनीवरही. मेंदूपर्यंत पोचलेल्या हिवतापात मूल किती बेशुद्ध आहे हे ठरविण्याची एक पद्धत याच ब्लँटायरच्या नावाने जगभर ओळखली जाते. १९८० च्या दशकात टेरी टेलर व माल्कम मॉलिन्यू या डॉक्टरांनी, ज्यांना अजून बोलता येत नाही अशा मुलांसाठी ती बसविली. डोळे आईच्या चेहऱ्यामागे फिरतात काय, नखाच्या मुळाशी पेन्सिल दाबली असता हात मागे घेतला जातो काय, रडणे कसे आहे : एकूण गुण पाच. दोन किंवा कमी म्हणजे खोल बेशुद्धी.

एके सायंकाळी आलेल्या अडीच वर्षांच्या मुलीचा गुण एक होता. नोंदणी तोवर झालेली असल्याने रात्रपाळीत तिच्यापाशी बसण्याचे काम आमच्यापैकी एकीकडे आले : आर्टेसुनेटचे इंजेक्शन वजनानुसार, रक्तातील साखर पुनःपुन्हा पाहणे, झटका आल्यास हाक मारणे. त्याच रात्री शेजारच्या खाटेवरील मुलगा गेला. त्याच्या आजीने आक्रोश केला तेव्हा दालनातील साऱ्या गार्डियन उठल्या आणि चितेंजे वस्त्रे सावरीत तिच्याभोवती बसल्या. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्याने कोठारात त्या सप्ताहाच्या आर्टेसुनेटच्या कुप्या मोजल्या; सोमवारपर्यंत पुरतील इतक्या होत्या.

मुलीने दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले, आणि तिसऱ्या दिवशी पेज मागितली. हिवतापाची लस त्या वेळी नव्हती. २३ एप्रिल २०१९ रोजी तिचा प्रायोगिक कार्यक्रम प्रथम मलावीतच सुरू झाला.

मुलीला घरी सोडले त्या दिवशी आईने तिला चितेंजेने पाठीशी बांधले. आम्ही फाटकापर्यंत गेलो. दुभाषी परिचारिकेकरवी विचारले, घरी मच्छरदाणी आहे ना? बाईंनी हसून मान डोलावली, एक बोट वर केले. मग थोडे थांबून मुलांसाठी चार बोटे दाखविली, आणि बस पकडण्यासाठी झपझप चालू लागल्या.