चिकाचं गणगोत

मे महिन्यात नागपुरातल्या नंदनवनचे रस्ते दुपारी बारा वाजताच ओस पडतात. कूलर घरघरत असतात, खिडक्यांना पडदे ओढलेले असतात आणि पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. अशा उन्हात जगनाडे चौकातून चॉकलेटची वडी घेतली, तर घरी पोचेपर्यंत ती कागदातच पसरते. कोकोतलं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि नागपुरातली उन्हाळ्याची सावलीसुद्धा त्याहून गरम असते. म्हणून इथल्या स्वयंपाकघराला चॉकलेटच्या वडीपेक्षा कोको पावडरचा डबा जास्त सोयीचा. तो फडताळात निमूट राहतो. घरात अर्धा लिटर दूध, साखर आणि कॉर्नफ्लॉर असलं की वीस मिनिटांत चॉकलेट पुडिंग शेगडीवरून उतरतं. ओव्हन नको, अंडं नको, साचाही नको. हवा असतो तो जाड बुडाचा गंज आणि त्याच्याजवळून न हलणारा माणूस.

माप साधं आहे. अर्ध्या लिटर दुधाला तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर, तेवढीच कोको, पाच-सहा चमचे साखर आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नये. त्याच्याशिवाय कोको नुसती कडू लागते, तिची खोली जिभेला कळत नाही. कॉर्नफ्लॉर पांढरं, बोटांत करकरणारं हवं. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ इथे चालत नाही, कारण त्यात दाण्याचा सगळा ऐवज असतो आणि पुडिंगला हवा असतो तो फक्त त्यातला स्टार्च.

खरी कारागिरी आच लावण्याआधीच होऊन जाते. साखर, कोको, कॉर्नफ्लॉर आणि मीठ कोरडंच एकत्र करायचं, चांगलं चोळून. साखरेचे दाणे स्टार्चच्या कणांमध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यामुळे पुढे प्रत्येक कण वेगळा भिजतो. कोकोची अडचण निराळी. तेल काढून घेतल्यावरही तिच्यात साधारण १० ते २२ टक्के स्निग्धांश उरतो, म्हणून दुधावर टाकली की ती तरंगत राहते, भिजायचं नाव घेत नाही. कोरड्या मिश्रणात आधी थोडंच गार दूध घालून गुळगुळीत लगदा करावा आणि मग बाकीचं दूध ओतावं. एवढं नेटकं झालं तर गुठळी होतच नाही. गुठळ्या मोडण्यात दमणाऱ्यांची चूक बहुधा शेगडीवर झालेली नसते, ती या पहिल्या दोन मिनिटांतली असते.

आता मध्यम आच आणि हातात सराटा. पहिली पाच-सहा मिनिटं काहीच घडत नाही. दूध तपकिरी, पातळ, वाफाळतं. इथेच लोक कंटाळून आच वाढवतात आणि तळ लागतो. दूध साधारण ६५ अंशांना पोचलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात. आधी सराट्याला किंचित ओढ जाणवते, मग त्याच्या मागे रेघ उमटते आणि लगेच मिटते. त्यानंतरचं सगळं फार भराभर होतं. रेघ मिटायला वेळ घेऊ लागते, पृष्ठभागावर चकाकी येते आणि एक जड बुडबुडा वर येऊन फुटतो. तो पहिला बुडबुडा दिसला की आच मंद करून मिनिटभर आणखी ढवळावं, म्हणजे पिठाचा कच्चा वास जातो. मग गंज खाली.

हे वर्णन वाचून विदर्भातल्या बाईला नवं काय वाटेल? तिने हे सगळं केलेलं आहे, फक्त दुसऱ्या पांढऱ्या द्रवावर.

एप्रिल-मेमध्ये कुरडयांचा घाट घातला जातो. गहू तीन दिवस भिजतात, रोज त्यांचं पाणी बदललं जातं. मग ते वाटायचे, पिळून गाळायचे आणि रात्रभर निवळू द्यायचे. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी शुभ्र, दाट चीक बसलेला असतो. मोठ्या गंजात मिठा-हिंगाचं पाणी उकळतं. एकजण धार धरते, दुसरी जिवाच्या आकांताने घोटते. पांढराफटक चीक बघता बघता काचेसारखा पारदर्शक होतो. शिजला की नाही, याची परीक्षा ओल्या हाताने: बोट लावलं आणि चिकटलं नाही, तर झाला. सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या आधी घरातली मुलं वाट्या घेऊन हजर असतात. त्यांना गरम चीक मिळतो, वर तूप आणि साखर, नाहीतर दूध आणि गूळ.

ती वाटी म्हणजे पुडिंगच. कोकोशिवायचं, गव्हाच्या स्टार्चचं, हजारो घरांत केलं जाणारं. दोन्हींत घडतं तेही एकच: स्टार्चचा कण तापतो, फुगतो, त्यातले लांब धागे पाण्यात सुटतात आणि थंड होताना एकमेकांत गुंततात. गव्हाचा स्टार्च मक्याच्या जरा आधी फुगू लागतो, एवढाच काय तो फरक. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला होणारी ज्वारीची आंबील याच कुळातली, आणि जेवायला उशीर झाला की दहा मिनिटांत होणारं चून, म्हणजे पिठलंही. गाठी होऊ न देता पीठ शिजवणं ही या भागातल्या स्वयंपाकाची पक्की विद्या आहे. तिचा इतका सराव असलेल्या घरात चॉकलेट पुडिंग पाकिटातून यावं, हे खरोखर खटकतं.

सरावलेला हात मात्र एका जागी फसतो. कुरडईचा चीक घट्ट, सोऱ्यातून न तुटता उतरेल असा लागतो. तोच अंदाज धरून पुडिंग घट्ट होईपर्यंत शिजवलं, तर फ्रीजमधून सुरीने कापायची वडी बाहेर निघते. पुडिंग उतरवताना सैल कढीहून थोडंसंच दाट असावं. उरलेला घट्टपणा थंड होताना आपोआप येतो. उतरवल्यावर चमचाभर लोणी आणि व्हॅनिलाचे थेंब हलक्या हाताने मिसळावेत. त्यानंतर ढवळत बसू नये. जमू लागलेला स्टार्च पुन्हा पुन्हा मोडला की पुडिंग पातळ पडतं.

गंजात एकत्र येणाऱ्या या वस्तू मुळात एकमेकींपासून फार दूर जन्मल्या. नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन घराण्याने १८२८ मध्ये कोकोतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे चॉकलेटची पावडर होऊ शकली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये कॉर्नफ्लॉरवर बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या जॉन पॉल्सनने १८५४ मध्ये कॉर्नफ्लॉरचं पेटंट घेतलं. बर्डने बायकोसाठी केलेली सोय पुढे भारतातल्या शाकाहारी घरांच्या फार कामी आली. १९५६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वीकफील्डची कस्टर्ड पावडर मराठी घरांत शिरली आणि पंगतीतल्या फ्रूट सॅलडमुळे दूध-स्टार्चचं थंड गोड सगळ्यांच्या ओळखीचं झालं. कोकोही आता परदेशीच राहिलेली नाही. केरळ, कर्नाटक, आंध्रात तिच्या बागा आहेत, आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना कर्नाटकात पुत्तूरला १९८६ पासून चालतो.

अंडं घालणारीही घरं आहेत. पिवळ्या बलकाने पुडिंग मऊ, भरदार होतं यात शंका नाही. पण बलकात स्टार्च मोडणारं एक विकर असतं. बलक फाटेल या भीतीने मिश्रण उकळी यायच्या आतच उतरवलं, तर रात्री छान जमलेलं पुडिंग सकाळी पाणी होऊन बसतं. कॉर्नफ्लॉर सोबत असताना बलक सहजी फाटत नाही. तेव्हा बुडबुडे येऊ द्यावेत.

नंदनवनातच १९८४ पासून कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा कॉलेजांच्या आसपास भाड्याच्या खोल्या आल्या, आणि खोलीत एका बर्नरची शेगडी. परीक्षेच्या रात्री एक गंज, एक चमचा आणि दुधाच्या पिशवीत होणारं दुसरं इतकं समाधानाचं गोड शोधून सापडणार नाही.

आणि नागपूरचं पुडिंग म्हटलं की संत्रं आलंच. कोको आणि संत्र्याची जोडी जगभर मानली जाते, इथे तर फळ दारात आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण संत्र्याचा रस गरम दुधात घालू नये. आंबटपणाने दूध फाटतं आणि स्टार्चही सैल पडतो. त्याऐवजी धुतलेल्या सालीचा वरचा केशरी पापुद्रा अलगद किसावा आणि पुडिंग उतरवताना घालावा. आतला पांढरा भाग कडू, तो येऊ देऊ नये. सोललेल्या फोडी मात्र थंड पुडिंगवरच ठेवाव्यात. हे हिवाळ्यात आंबिया बहाराच्या फळावर, नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराच्या फळावर करावं. मेमध्ये नुसती कोको पुरेशी आहे.

वाट्यांत ओतलेल्या पुडिंगवर थंड होताना जाडसर साय धरते. ती नको असणारे पृष्ठभागाला चिकटून प्लॅस्टिकचा कागद लावतात. साय ठेवणंच बरं. कोकोचा सगळ्यात दाट स्वाद तिच्यात उतरतो, आणि बासुंदीच्या सायीवरून भांडणाऱ्या घरात ती वाया जाणार नाही. १९३२ मध्ये सुरू झालेल्या दिनशॉचं आइसक्रीम खाणाऱ्या या गावाला थंड गोड म्हटलं की फ्रीझर आठवतो, पण पुडिंग तिथे ठेवू नये. गोठलं की मक्याच्या स्टार्चची घडी मोडते आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार तास पुरतात, आणि दोन दिवसांत ते संपवावं. अर्ध्या लिटर दुधाचं पुडिंग चार माणसांना होतं. घर मोठं असेल तर माप दुप्पट करा, पण मग गंजही मोठा घ्या आणि घोटायला दुसरा हात बोलवा.