बियाण्यावर मोजलेलं रान

आज मापांबद्दल लिहितो, पण आपल्या नाही. जुन्या काळी इस्रायलात हिब्रू लोक धान्य कशानं मोजायचे ते. बायबलच्या जुन्या करारात ही मापं जागोजागी येतात.

कोष्टक असं: ६ काबांचा १ सेआ, ३ सेआंची १ एफा, १० एफांचा १ होमेर. एफा साधारण २२ लिटरची धरतात, म्हणजे सेआ सव्वासात लिटरच्या आसपास. होमेर शब्दाचं नातं गाढवाच्या हिब्रू नावाशी लावतात. गाढव उचलेल तेवढं ओझं.

मला भारी वाटलं ते रान मोजणं. एक सेआ बी जेवढ्या जागेत पेरलं जाई ती जागा 'बेत सेआ', ५० हात बाय ५० हात. दीड फुटाचा हात धरला तर ७५ बाय ७५ फूट, पाच गुंठ्यांच्या जरा वर. मी कागदावर हिशेब मांडला. सव्वासात लिटरात जव साडेचार किलोच्या आसपास बसतो. एकरी ३५ किलो बियाणं झालं की! आजही जवाला एकरी ३० ते ४० किलोच सांगतात. कृषीवाल्यांनी पडताळून बघावं.

रानाची किंमतही बियाण्यावरच. देवाला वाहिलेल्या रानाचा दर ठरलेला होता: होमेरभर जव पेरला जाईल एवढ्या रानाला ५० शेकेल चांदी. आणि दुसऱ्यांची रानं गिळणाऱ्या श्रीमंतांना यशया संदेष्ट्यानं काय बजावलं? होमेरभर पेराल नि एफाभर पिकेल. म्हणजे बियाणंसुद्धा परत नाही, दहावा हिस्सा फक्त. कोरडवाहूवाल्याला हे समजावून सांगायला नको.

व्यापारी तेव्हाही तसलेच. आमोस हा मेंढरं राखणारा माणूस, तो त्यांच्यावर तुटून पडला. एफा लहान करायची नि शेकेलचं वजन वाढवायचं. पैसे म्हणजे तोललेली चांदी, त्यामुळं धान्य कमी नि चांदी जास्त, दोन्हीकडून मार.

पुढं यहुदी पंडितांनी तालमूदमध्ये माप सपाट करायच्या फळीचेसुद्धा नियम घातले. धातूची नको, ती जड, धान्य जास्त ओढते, घेणाऱ्याचं जातं. भोपळ्याची नको, ती हलकी, विकणाऱ्याचं जातं. जैतून, अक्रोड असल्या लाकडाची हवी, आणि एक कड जाड, एक पातळ अशी नको. हे ठरवणारा माणूस धान्याच्या राशीपाशी उभा राहिलेला असणार. जिथं शीग लावून मोजायची रीत, तिथं 'भाव कमी करतो' म्हणूनही सपाट मोजू देत नसत.