कट बदलला म्हणजे तंबाखू सुटली असं नाही

"भाऊ, गुटखा सोडला ना मी. आता निस्ती साधी तंबाखू."

आपल्या मालेगावात (नाशिकवालं नाही, आपलं, वाशीम जिल्ह्यातलं) हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मोजत नाही. बसस्टँडवर, बाजारात, तेरवीच्या पंगतीत. कोणी म्हणतो खर्रा बंद केला, आता जर्दा. कोणी म्हणतो सिगारेट सोडली, विडीवर आलो, विडी कशी झाडपाल्याची असते. सांगणाऱ्याचा चेहरा असा असतो की अर्धी लढाई जिंकून आलाय.

यात आता नवीन भर पडली. भाचा पुण्याला शिकतो. दिवाळीत आला तर बॅगेत एक पाऊच, पातळ कागदाची पुडकी आणि कापसाचे छोटे फिल्टर. मी विचारलं, हे काय रे? तर म्हणे, "मामा, ही रोलिंग तंबाखू आहे. शॅग कट. सिगारेटसारखं केमिकल नसते यात. नॅचरल."

त्याला ओरडलो नाही. वीस वर्षांच्या पोराला ओरडून काय होते? पण म्हटलं, कट-कट म्हणतोस तर बस, कट म्हणजे काय ते बोलू. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. तंबाखू तेव्हा सुटी विकली जायची. पानाची वेगळी, चुऱ्याची वेगळी, आणि पोत्याच्या बुडाशी उरणारी भुकटी वेगळी. प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. त्यामुळे हा विषय मला थोडा ठाऊक आहे. भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

पान तेच असते. ते किती जाड किंवा बारीक कापलं, याला म्हणायचं कट. पाइप ओढणाऱ्या साहेब लोकांनी त्याची मोठी शास्त्रं केली. पानं दाबून वीट केली की प्लग. त्या विटेचे पातळ काप काढले की फ्लेक. पानं पिळून दोरखंड वळला की रोप. लांब पट्ट्या कापल्या की रिबन. आणि केसासारखी बारीक कापली की शॅग, जी भाच्याच्या पाऊचमध्ये होती.

हे सगळं कशासाठी? चूल पेटवणाऱ्या बाईला विचारा, ती एका वाक्यात सांगेल. ओंडका हळू जळतो, पऱ्हाटी भडकन पेटते. जाड कट सावकाश जळतो, धूर थोडा थंड राहतो, पाइप अर्धा-पाऊण तास चालतो. बारीक कट झटकन पेट घेतो, कागदात नीट बसतो आणि पाच मिनिटांत संपतो. कटाचं काम एवढंच: किती वेगाने जळायचं. त्यात विष किती, हे कट ठरवत नाही.

आणि "नॅचरल" म्हणाल तर ती बारीक तंबाखू महिनोन् महिने पाऊचमध्ये ओलसर कशी राहते? आपल्याकडे उन्हाळ्यात कोथिंबीर दुपारपर्यंत टिकत नाही. ओलावा धरून ठेवायला त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ घालतात. हाताने वळली म्हणून ती सिगारेट सौम्य होत नाही. हात आपला, धूर तोच.

गंमत अशी की सरकारांनाही कट बरोबर कळतो. युरोपीय संघाच्या करकायद्यात रोलिंग तंबाखूची व्याख्याच कटावर आहे. वजनाने 25 टक्क्यांहून जास्त तंबाखू दीड मिलिमीटरपेक्षा बारीक कापलेली असेल तर ती सिगारेट वळायची बारीक तंबाखू धरायची आणि त्या हिशेबाने कर लावायचा. कर घ्यायचा तर मिलिमीटर मोजतात!

आता आपल्या घरात या. आपल्याकडे पाइप नव्हता, चिलीम होती. म्हाताऱ्यांनी पान बोटांनी चुरायचं, खाली खडा ठेवायचा, ओली साफी गुंडाळायची आणि ओंजळीतून झुरका मारायचा. तोही कटच, हाताचा जाड कट. मग विडी. विडीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आसपास, सिगारेटपेक्षा बरीच कमी. म्हणून लोकांना वाटते विडी हलकी. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा आत येत नाही. विडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. माल कमी, पण छातीत जाणारा धूर कमी नाही. झाडाचं पान आहे म्हणून ते औषध होत नाही. कण्हेरही झाडच आहे.

पण खरं सांगायचं तर धूर हा आपला मुख्य प्रश्नच नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे चारात एक. त्यात ओढणारे फक्त 3.8 टक्के. खाणारे, दाढेखाली धरणारे, दातांना लावणारे 24.4 टक्के. आपलं राज्य ओढणाऱ्यांचं नाही, चघळणाऱ्यांचं आहे.

आणि तोंडातल्या तंबाखूत कटाचा खेळ जास्त चालतो. चहाचं घ्या. मोठ्या पत्तीचा चहा उकळून उकळून रंग सोडतो, डस्ट टाकली की लगेच लाल. तंबाखूचं तसंच. जितकी बारीक, तितकी लाळेत लवकर विरघळते, तितकं निकोटीन लवकर रक्तात. त्यात चुना. चुना नुसता चवीसाठी नसतो. चुन्याने निकोटीन मोकळं होते आणि गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने आत शिरते. कोण्या शास्त्रज्ञाने शोधायच्या आधी हे आपल्या माणसाच्या तळहाताला माहीत होतं. मळल्यावर तो टाळी का मारतो? भुकटी उडवायला. कारण भुकटी ठसका आणते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे कटाचं ज्ञान आपल्याला आहे, भाऊ. धोक्याचं ज्ञान मात्र आपण सोयीने विसरतो.

खर्रा तर विदर्भाची खास "देणगी". सुपारीचे तुकडे, जर्दा, चुना, आणि हे सगळं पन्नीत घालून घोटायचं. घोटणं म्हणजे काय? हाताने केलेला कटच. सुपारी-तंबाखू इतकी मऊ आणि एकजीव करायची की गालात ठेवल्या ठेवल्या लागली पाहिजे. आणि सुपारी ही नुसती सोबतीण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच नुसत्या सुपारीला, तंबाखू नसली तरी, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. लग्नात "बिना तंबाखूचा आहे, खाऊ दे पोराला" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

माझे काका पंधरा वर्षं खर्रा खात होते. सोयाबीनच्या सोंगणीला जाताना खिशात दोन पुड्या. आधी तिखट लागेना, जीभ चरचरे. मग तोंड उघडणं कमी होत गेलं. साधी तपासणी असते: आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. काकांची दोन जायची, मग दीड. तेव्हा त्यांनी खर्रा सोडला आणि घरात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. पण खर्रा सोडून त्यांनी धरली काय? साधी तंबाखू. "ही जाड पत्तीची आहे, हिने काही होत नाही," हे त्यांचं वाक्य. आखडलेला गाल खर्रा सुटल्यावरही मोकळा होत नाही, हे कोणी त्यांना नीट सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी गालात पांढरा चट्टा, मग तुकडा काढून तपासणी, मग नागपूरच्या फेऱ्या, मग ऑपरेशन. काका आहेत. भाकर वरणात कुस्करून खातात. फोनवर बोलले तर अर्धं समजते, अर्धं काकू सांगते. पाच एकरातलं दीड एकर गेलं.

त्यांनी फसवलं नाही कोणाला. त्यांना खरंच वाटत होतं की आपण एक पायरी खाली उतरलो. पायरी नव्हतीच. त्याच ओट्यावर इकडची जागा सोडून तिकडे बसले होते.

आता कायद्याकडे बघा, तोही नावाच्या मागे धावतो. 2012 च्या जुलैत महाराष्ट्राने गुटखा बंद केला, नंतर खर्रा-मावा-सुगंधी तंबाखूही त्या यादीत आली. गुटखा थांबला का? दर काही दिवसांनी कुठल्या तरी गाडीत माल पकडल्याची बातमी येते, आणि पकडला नाही तो कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. साधी तंबाखू त्या बंदीत नाही, म्हणून लोक समजतात ती चांगली. 2017 साली जीएसटी आला तेव्हा विडी आणि सिगारेट दोन्हींवर 28 टक्के लागला, पण वरचा उपकर सिगारेटवर बसला, विडीवर नाही. सप्टेंबर 2020 मध्ये राज्याने सुटी सिगारेट-विडी विकायला बंदी केली. तुम्ही एखाद्या टपरीवर जा आणि सुटी मागा. पुढचं मी लिहीत नाही.

कोणी म्हणेल, तंबाखूवर पोट असणाऱ्यांचं काय? रास्त प्रश्न आहे. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता म्हणून 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वात हायवे अडवला गेला. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 शेतकरी गेले. त्याच निपाणीत वखारींमध्ये बाया तंबाखू कुटत आणि चाळत. तोच कट, पण भुकटी त्यांच्या छातीत. त्यांच्या लढ्यावर युगांतर नावाच्या गटाने 1982 मध्ये माहितीपट केला. म्हणजे या धंद्यात पिकवणारा, चाळणारी आणि खाणारा तिघंही आपलेच, आणि तिघंही तोट्यात. त्यांना दुसरं पीक, दुसरं काम मिळालं पाहिजे. पण त्यांच्या नावावर आपल्या पोरांच्या गालात पुडी ठेवायची, हे गणित मला पटत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 2016 पासून मुक्तिपथ चालू आहे. दारूसोबत तंबाखू आणि खर्राही त्यांनी अंगावर घेतला. गावोगाव लोकांना घेऊन काम. आदिवासी जिल्हा करू शकतो तर समृद्धी महामार्गावरचा आपला तालुका का नाही?

मोठं काही मागत नाही. तीन गोष्टी.

पहिली. शाळेपासून 100 यार्डात, म्हणजे साधारण 91 मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही. शाळांनी तिथे पिवळी रेघ मारायची असते. मालेगाव असो, मेडशी असो, शिरपूर असो, किन्हीराजा असो, पालकांनी आणि शाळा समितीने टेप घेऊन मोजा. युरोप दीड मिलिमीटर मोजतो, आपल्याला 91 मीटर मोजता येत नाही का?

दुसरी. अठराच्या आतल्या पोराला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. टपरीवाला आपलाच भाऊ असतो, त्याला आधी प्रेमाने सांगा. आणि पोराला "जा रे, एक पुडी घेऊन ये" म्हणून आपण स्वतः पाठवणं आजपासून बंद.

तिसरी. घरातल्या खाणाऱ्या माणसाला बोटं लावून तोंड तपासायला सांगा. तीन बोटं जात नसतील, पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर "तिखट लागलं असेल" म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी फोन फुकट आहे.

आणि कोणी म्हणालं, "गुटखा सोडला, आता साधी," तर त्याचं कौतुक अर्धंच करा. त्याला विचारा, साधी कधी सोडणार? भाच्यालाही तेच विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलं नाही, पण "नॅचरल" हा शब्द मात्र परत वापरला नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.